सर्व्हर मुंबईत, क्लाउड कंपनी अमेरिकी: डेटावर कायदा कोणाचा?

प्रश्न:
पेमेंट ॲपचा सगळा डेटा अमेरिकी क्लाउड कंपनीच्या मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये आहे. पेमेंटचा डेटा भारतातच साठवण्याची रिझर्व्ह बँकेची अट एवढ्यानं पूर्ण होते का? आणि अमेरिकेतल्या कोर्टानं त्या कंपनीकडे हा डेटा मागितला तर?

उत्तर १:
आधी रिझर्व्ह बँकेचं बघू. ६ एप्रिल २०१८ चं परिपत्रक डेटा साठवण्यापुरतं आहे. प्रोसेसिंग बाहेर झालं तरी चालतं, पण एक कामकाजाचा दिवस किंवा २४ तास, जे आधी संपेल त्याच्या आत, तिकडची प्रत पुसून डेटा भारतात आणावा लागतो. मुख्य डेटाबेस सहसा बरोबर जागी असतो, घोळ होतो तो आजूबाजूला. ॲप क्रॅश झालं की रिपोर्ट परदेशातल्या सर्व्हरवर जातो आणि त्यात ग्राहकाचा मोबाइल नंबर असतो. नाव, नंबर, ईमेल हेही पेमेंट डेटातच धरतात. बॅकअप, लॉग, तक्रारीसोबत आलेले स्क्रीनशॉट, प्रत्येकाचं रीजन सेटिंग, म्हणजे डेटा कुठल्या भागातल्या सर्व्हरवर साठतो ते, उघडून तपासा.

उत्तर २:
दुसरा प्रश्न जास्त गंभीर आहे. अमेरिकेचा २०१८ चा क्लाउड ॲक्ट सर्व्हर कुठे आहे ते विचारत नाही. डेटा कंपनीच्या ताब्यात किंवा नियंत्रणात आहे का, ते विचारतो. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियानं या कायद्याखाली अमेरिकेशी करार केले आहेत, भारतानं केलेला नाही. त्यामुळे आदेशाला आव्हान देण्याची त्या कायद्यातली खास तरतूद भारतीय डेटासाठी कंपनीला वापरता येत नाही. आपला २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही इथे पुरा पडत नाही. त्याचं कलम १६ सरकारला ठरावीक देशांत डेटा पाठवण्यावर बंधन घालू देतं, पण परदेशी कोर्टाचा आदेश त्यानं रद्द होत नाही.

प्रश्नकर्ता:
मग एन्क्रिप्शन केलं तर?

उत्तर २:
चावी कुणाकडे आहे त्यावर आहे. ती त्याच क्लाउडच्या की-सर्व्हिसमध्ये, म्हणजे चाव्या सांभाळणाऱ्या सेवेत, असेल तर कुलूप आणि किल्ली एकाच घरात. चावी स्वतःच्या एचएसएममध्ये (चाव्या सुरक्षित ठेवणाऱ्या खास उपकरणात), भारतात, क्लाउडच्या बाहेर ठेवा. तरीही प्रोसेसिंगच्या वेळी डेटा मेमरीत उघडाच असतो. म्हणून खाते क्रमांक क्लाउडवर जाण्याआधीच टोकनमध्ये, म्हणजे खऱ्या क्रमांकाच्या जागी वापरायच्या बदली क्रमांकात, बदला आणि टोकनचा तक्ता आपल्याकडेच ठेवा. कंत्राटातही एक कलम हवं: परदेशी आदेश आला, तर कायद्यानं मनाई नसेल तिथे कंपनीनं आधी तुम्हाला कळवायचं. अशी मनाई बरेचदा असते, म्हणून सगळी भिस्त या कलमावर टाकू नका.