मदत हवी आहे: माझ्या व्हॅम्पायर कादंबरीतली नायिका कुणालाच सहन होत नाहीये

नमस्कार मंडळी,

गेली दोन वर्षं रात्री जागून एक अर्बन फँटसी लिहितेय, मराठीत, पुण्यातच घडणारी. शर्वरी, वय २९, रक्तपेढीत नाइट शिफ्टला टेक्निशियन, आणि कात्रजहून शनिवारवाड्याकडे पाणी आणणारा पेशव्यांचा नळ आहे ना, त्याच्या भुयारात राहणारा एक व्हॅम्पायर. (आधी वेताळच घेणार होते, पण आपल्या वेताळाचं टेकडीवर देऊळ आहे, लोक नारळ फोडतात, त्याला रक्त प्यायला लावायला मन धजावलं नाही.)

पाच जणांना वाचायला दिलं. चौघांना गोष्ट आवडली आणि त्याच चौघांच्या शर्वरी डोक्यात गेली. मावशी तर म्हणाली, "अगं ती मेली तरी चालेल, त्या भुयाराचं पुढे काय होतं ते सांग." त्यानंतर दोन दिवस मी फाईलच उघडली नाही.

मला गोडगोड नायिका नकोच होती. लॉरेल हॅमिल्टनची अनिता ब्लेक १९९३ साली आली, सेंट लुईस शहरात मेलेल्यांना उठवायचं आणि व्हॅम्पायर मारायचे हा तिचा धंदा, कुणाचं ऐकून घेत नाही, आणि मला ती पहिल्या पुस्तकांत फार आवडली होती. पुढे पुढे मात्र तिची ताकद वाढतच जाते, जो तो पुरुष तिच्याच मागे, आणि तिला न जुमानणारी बाई आली की ती बाई हमखास चुकीची. तिथे मी पुस्तक खाली ठेवलं. आता भीती ही वाटतेय की मी तेच करतेय, फक्त मला ते दिसत नाहीये. गोष्ट 'मी'मध्ये सांगितलीय, त्यामुळे वाचणाऱ्याला तिच्या डोक्यातून बाहेर पडायला जागाच नाही.

एक प्रसंग देते. रात्रीचे तीन, फ्रिजमधून पिशव्या गायब, मागच्या दाराशी कुणीतरी उभं आहे. नंदाताई, वीस वर्षं तिथे काम केलेल्या, म्हणतात, "एकटी जाऊ नकोस गं." शर्वरी म्हणते, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं," आणि जाते. आणि जिंकून येते.

नक्की कुठे बिघडतंय? तिला मऊ न करता काय बदलू?

रातकिडा: आधी एक विचारतो, ते चौघं हेच वागणं हिरोने केलं असतं तर काय म्हणाले असते? बाणेदार म्हणाले असते. त्यामुळे सगळा दोष स्वतःकडे घेऊ नका. पण हिला हवंय काय ते मला एवढ्या मजकुरात कळलं नाही. शार्लेन हॅरिसची सूकी घ्या, २००१ चं पुस्तक, बारमधली वेट्रेस, सगळ्यांच्या मनातलं तिला ऐकू येतं आणि त्याने ती जेरीस आलीय, फक्त व्हॅम्पायरच्या मनातलं ऐकू येत नाही. त्याच्या शेजारी तिला शांतता मिळते. एवढं कळलं की ती पुढे कितीही वेड्यासारखी वागली तरी आपण तिच्याबरोबर जातो.

टेकडीवाली: रातकिड्याला +१, पण मला खरी गोची नंदाताईंची वाटते. त्या फक्त अपमान करून घ्यायला आल्यात. तुसडी बाई चालते हो, आपल्या प्रत्येकाच्या घरात एक असते आणि तिच्यावर जीवही असतो, पण पुस्तकच तिच्या बाजूने साक्ष द्यायला लागलं की राग येतो. नंदाताईंना काहीतरी असं माहीत असू दे जे शर्वरीला नाही. मी स्वतः रक्तपेढीत काम केलंय. साध्या सीपीडीए पिशवीतलं (म्हणजे रक्त गोठू न देणारं द्रावण घातलेल्या पिशवीतलं) रक्त ३५ दिवस टिकतं, दोन ते सहा डिग्रीला, मग टाकून द्यावं लागतं. समजा नंदाताईंनी रजिस्टर लावून पाहिलंय की गायब झालेली प्रत्येक पिशवी पस्तिसाव्या दिवसाची आहे. म्हणजे तो पेशंटच्या तोंडचं काही नेतच नाहीये. आणि शर्वरी सुरा घेऊन त्याच्या अंगावर गेलीय!

अजून एक, तिला पैशाची, भाड्याची काही काळजी आहे का? पॅट्रिशिया ब्रिग्जची मर्सी फोक्सवॅगनची मेकॅनिक आहे, व्हॅम्पायरचीसुद्धा गाडी दुरुस्त करते. हाताला ग्रीस लागलेली बाई पटकन आपली वाटते.

धागाकर्ती: टेकडीवाली, अंगावर काटा आला वाचून. पस्तिसावा दिवस मी घेतेय, तुमची हरकत नसेल तर. दोन वर्षं मी त्या नंदाताईंना एक नीट वाक्य दिलं नव्हतं.

आता शर्वरी पहाटे परत येते तेव्हा नंदाताई रजिस्टर उघडून बसलेल्या असतील. तिने "चुकलं माझं" म्हणावं, की नुसतं शेजारी बसून एकेका पिशवीवरची तारीख वाचून दाखवावी आणि नंदाताईंनी खूण करत जावं? मला दुसरं जास्त तिचं वाटतंय. पाचवं प्रकरण रविवारपर्यंत नव्याने लिहिते, ज्यांना वाचायचंय त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.