फेरीबोटीला सहा फेजची मोटर: कामाची की नुसती हौस?

मांडवीकाठ
गोव्यात मांडवी नदीवर रायबंदर–चोडण मार्गावर रो-रो (गाड्या थेट चढवायची-उतरवायची फेरीबोट) आली. पुढेमागे बॅटरीवरची फेरीही येईल, त्यावर वाद घालायला हा धागा नाही. वाद मोटरवर घालू. माझं म्हणणं असं की अशा बोटीच्या शाफ्टवर साधी तीन फेजची (पाठोपाठ सरकलेल्या तीन वीजधारांवर चालणारी) नको, सहा फेजची मोटर बसवावी. एकाच स्टेटरमध्ये (मोटरीच्या स्थिर भागात) तीन-तीन फेजच्या वाइंडिंगचे दोन संच, एकमेकांपासून ३० विद्युत अंश (विजेच्या एका आवर्तनाचा बारावा भाग) सरकवलेले, न्यूट्रल (तिन्ही फेज जुळतात तो सांधा) वेगळे, प्रत्येकाला स्वतःचा इन्व्हर्टर (बॅटरीची डीसी वीज एसी करणारा) आणि स्वतःची बॅटरी बँक. एक इन्व्हर्टर बंद पडला तरी दुसरा संच बोट नेतो. करंटची मर्यादा तीच धरली तर टॉर्क (फिरवण्याचा जोर) निम्मा होतो. पण प्रोपेलरला लागणारा टॉर्क वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे फेरे ७० टक्क्यांच्या आसपास टिकतात आणि शक्ती लागते जेमतेम ३५ टक्के. सुकतीच्या ओढीत गाड्यांनी भरलेली बोट अडकण्यापेक्षा हे कधीही बरं. तीन फेजच्या मोटरची एक फेज गेली की ती थरथरते, आणि थांबलेली असेल तर उठतच नाही.

रिवायंडिंग_म्हापसा
मांडवीकाठबाब, कागदावर झकास. पण जळालेला स्टेटर टेबलावर आला की मी आधी कॉइलची डोकी (बाहेर आलेली वळणं) बघतो. तुमच्या मोटरीत दोन्ही संचांची डोकी एकमेकांवर चढलेली, मध्ये इन्सुलेशनचा कागद, बस्स. एका संचात टर्नला टर्न (वेढ्याला वेढा) शॉर्ट झाला की धग शेजाऱ्याला विचारून जात नाही. त्यात मोटर परमनंट मॅग्नेटची असली तर इन्व्हर्टर बंद करूनही सुटका नाही. शाफ्ट फिरतोय तोवर मॅग्नेट त्या शॉर्टमध्ये करंट ढकलत राहणार.
केरळात वैक्कमला ‘आदित्य’ ही सौर फेरी २०१७ पासून चालते. दोन हल (बोटीची धडं), दोन मोटरी, प्रत्येकी २० किलोवॅट. एक बिघडली तरी दुसरीच्या वाइंडिंगला त्याचा पत्ताही लागत नाही. दोनच हवेत तर खरोखरचे दोन घ्या की!

मांडवीकाठ
कॉइलचं मान्य. पण खाऱ्या हवेत वाइंडिंगच्या आधी मान टाकतात ते इन्व्हर्टरचे स्विच, कपॅसिटर आणि कनेक्टर, आणि तिथे माझे दोन संच खरोखरच वेगळे आहेत. दोन मोटरी म्हणजे दोन शाफ्ट, दोन सील, दोन प्रोपेलर. गाळात घासायला दुप्पट सामान.
शिवाय खरी मजा वाटणीत आहे, ती तुम्ही सोडूनच दिलीत. एक बँक ८० टक्के चार्जवर, दुसरी ५५ वर असेल तर पहिल्या संचाकडून जास्त काम घ्यायचं. प्रोपेलरला एकूण टॉर्क तेवढाच मिळतो, डेकवर कुणाला काही जाणवत नाही. हवं तर एक संच मोटर म्हणून आणि दुसरा जनरेटर म्हणूनही चालतो. मोटरीतूनच एका बँकेतली वीज दुसरीत!

ईईई_फर्मागुडी
वाटणी जमते, फुकट नाही. सहा करंटचं गणित तीन जोड्यांत मोडतात. पहिली जोडी फ्लक्स (मोटरीतलं चुंबकत्व) आणि टॉर्क ठरवते, दुसरीला एक्स-वाय म्हणतात, तिसरी शून्यक्रमाची (संचाच्या तिन्ही फेजांत एकदम एकाच दिशेने वाहणारी), जी न्यूट्रल वेगळे ठेवले की उरत नाही. हे गणित झाओ आणि लिपो यांनी १९९५ मध्ये मांडलं. दोन्ही संच समान चालले तर एक्स-वाय करंट शून्य. वाटणी असमान करायची म्हणजे मुद्दाम एक्स-वाय करंट सोडायचा. तो टॉर्क देत नाही, तांबं मात्र तापवतो. ७०-३० वाटणीत टॉर्क देणाऱ्या करंटचा ताम्रव्यय (तांबं तापवण्यात जाणारी वीज) समान वाटणीपेक्षा १६ टक्के वाढतो. आणि फुल लोडवर दोन्ही संच आधीच मर्यादेला टेकलेले असतात, तिथे वाटायला जागाच नाही. तुमची सोय चालते ती अर्ध्यामुर्ध्या लोडवर.
दुसरं, एक्स-वाय करंटला अडवायला फक्त तारेचा रेझिस्टन्स आणि लीकेज इंडक्टन्स (गळतीच्या चुंबकत्वाचा छोटासा अडसर) असतो. दोन इन्व्हर्टरच्या व्होल्टेजमध्ये जराशी तफावत पडली की मोठे करंट वाहतात. म्हणजे त्यांच्यासाठी वेगळे कंट्रोलर लागतात, नाहीतर वाटणी राहते बाजूला आणि हीटर तयार होतो.
बँका समतोल करायच्या तर धक्क्यावर वेगवेगळं चार्जिंग करा, नाहीतर डीसी-डीसी कन्व्हर्टर (एका बँकेची वीज दुसरीत नेणारा) लावा. मोटर कशाला राबवता?

मांडवीकाठ
सर, कन्व्हर्टर म्हणजे आणखी एक डबा, त्यालाही कूलिंग. इथे हार्डवेअर आधीच बसलेलं आहे, उरतो तो प्रोग्रॅम. आणि बोट काही कायम फुल लोडवर नसते.

मुरगावकर
फेजांच्या मोजणीत रमलेल्या मंडळींसाठी एक उदाहरण. ब्रिटिश नौदलाच्या टाइप ४५ विनाशिकांवर २० मेगावॅटच्या दोन मोटरी आहेत, प्रत्येकी १५ फेजची. तरी ही जहाजं भर समुद्रात अंधारात गेली. कारण मोटर नव्हे. गरम हवामानात गॅस टर्बाइनच्या इंटरकूलरने (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाने) दगा दिला, वीज गेली, १५ च्या १५ फेज गप्प. शेवटी जनरेटर बदलायचा कार्यक्रम हाती घ्यावा लागला.
आपल्याकडे इंटरकूलरच्या जागी कूलिंगच्या समुद्री पाण्याचा गाळणा धरा. पावसाळ्यात मांडवीचं पाणी लाल असतं, त्यात प्लास्टिकच्या पिशव्या. गाळणा तुंबला की दोन्ही इन्व्हर्टर एकाच वेळी गरम. पंप एक, कंट्रोल कार्ड एक, शाफ्टवरचा एन्कोडर (शाफ्ट कुठे फिरलाय ते सांगणारा) एक, मग सहा फेज काय करणार?

मांडवीकाठ
मग पंप दोन लावा, कार्डं दोन लावा. तो दोष मांडणीचा, मोटरीचा नव्हे.

रिवायंडिंग_म्हापसा
हां, म्हणजे हळूहळू सगळंच दोन. मीही तेच म्हणत होतो 😄
बरं, एक सांगा. एका संचावर पुढे जाल, पण धक्क्याला लागताना बोट थांबवायला प्रोपेलर उलटा फिरवावा लागतो. पाठीमागून भरतीचा रेटा, रॅम्पवर माणसं आणि स्कूटर तयार. निम्म्या टॉर्कवर बोट थांबणार कुठे?

मांडवीकाठ
हा प्रश्न रास्त आहे. संच गेला की ड्राइव्हने (मोटर चालवणाऱ्या यंत्रणेने) वेगाची मर्यादा लगेच खाली आणायला हवी, म्हणजे धक्का जवळ येईपर्यंत वेगच कमी राहील. टेंडरमध्ये चाचणी तशीच लिहावी: गाड्या भरलेल्या, भरतीची वेळ, मध्यावर एक इन्व्हर्टर मुद्दाम बंद, आणि धक्क्याला लावून दाखवा.

रिवायंडिंग_म्हापसा
लिहा. आणि त्याच टेंडरात सुटा स्टेटरही मागवा. पहिला जळाला तर माझ्याकडे आणू नका.