मदत हवी आहे: येऊरच्या पावसासाठी मजबूत कॉम्पॅक्ट घ्यावा, की एकदाच चांगला मिररलेस?

कॅमेरा घ्यायचा आहे आणि निर्णय दोन अगदी वेगळ्या पर्यायांपाशी अडला आहे. एक आहे ओएम सिस्टिमचा टफ टीजी-७, म्हणजे खिशात मावणारा, पाण्यात बुडवता येणारा आणि हातातून निसटला तरी सहसा न बिघडणारा कॉम्पॅक्ट. दुसरा आहे त्याच कंपनीचा ओएम-५ किंवा त्या तोडीचा एखादा मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, आणि त्याच्यासोबत अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणारी मॅक्रो लेन्स. या दोन प्रकारांची तुलना करणारे लेख आणि व्हिडिओ पुष्कळ पाहिले. परंतु त्यांतले बहुतेक लोक कोरड्या हवेत राहणारे आहेत आणि त्यांच्यासाठी पाऊस म्हणजे अधूनमधून येणारी अडचण आहे. माझे काम नेमके पावसाळ्यातच सर्वांत जास्त असते, म्हणून ठाणे, नवी मुंबई किंवा कोकणपट्टीत यांपैकी काही प्रत्यक्ष वापरलेल्यांचे मत हवे आहे.

मी ऐरोलीला राहते. सुट्टीच्या दिवशी ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात ज्या वाटांवर जायची परवानगी आहे तिथे, कधी घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याकडे आणि बाकीच्या वेळी खाडीच्या काठाने फिरून कीटक, कोळी, बेडूक यांच्या नोंदी करणे हा माझा छंद आहे. या नोंदी मी आय-नॅचरलिस्ट या सजीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर टाकते आणि तिथले जाणकार ओळख पटवून देतात. त्यामुळे माझ्या फोटोंकडून असलेली अपेक्षा नेहमीच्या छायाचित्रकारांपेक्षा वेगळी आहे. पार्श्वभूमी मऊ, पुसट नसली तरी माझे काही बिघडत नाही, पण टाचणीच्या (चतुरासारख्या सडपातळ कीटकाच्या) पोटाच्या शेवटच्या खंडांवरचा निळा पट्टा नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे दिसले नाही, तर तो फोटो सुंदर असूनही ओळखीसाठी निरुपयोगी ठरतो. बेडकाच्या बाबतीत बोटांमधला पडदा कुठवर आला आहे ते दिसावे लागते, फुलपाखराच्या बाबतीत मिटलेल्या पंखांची खालची बाजू. एकाच प्राण्याचे दोन-तीन बाजूंनी, पटापट आणि तो उडून जाण्याआधी फोटो मिळणे हे मला एका देखण्या फोटोपेक्षा महत्त्वाचे वाटते.

आता टीजी-७ विषयी. हा २०२३ मध्ये आला, पण आतला सेन्सर आणि लेन्स पाहता तो त्याआधीच्या २०१९ मधल्या टीजी-६ चाच भाऊ आहे. १२ मेगापिक्सेल, १/२.३ इंचाचा सेन्सर, फुल-फ्रेमच्या (३५ मिलिमीटर फिल्मच्या आकाराच्या सेन्सरच्या) हिशेबात २५ ते १०० मिलिमीटर इतका झूम, १५ मीटर खोल पाण्यापर्यंत आणि २.१ मीटर उंचीवरून पडण्यापर्यंत कंपनीची हमी, वजन २५० ग्रॅमच्या आसपास. मला मोह पडला आहे तो त्याच्या मायक्रोस्कोप मोडचा. लेन्सच्या काचेपासून अवघ्या एका सेंटिमीटरवर असलेल्या वस्तूवर तो फोकस करतो, वेगवेगळ्या अंतरांवर फोकस करून घेतलेले अनेक फोटो स्वतःच जोडून एक फोटो तयार करतो, आणि जीपीएस आत असल्यामुळे नोंदीचे ठिकाण वेगळे लिहून ठेवावे लागत नाही.

सेन्सर लहान आहे हा आक्षेप सर्वजण घेतात आणि तो खरा आहे. १/२.३ इंचाच्या सेन्सरचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मिलिमीटर भरते, तर ओएम-५ मधल्या फोर थर्ड्स सेन्सरचे सुमारे २२५, म्हणजे आठपट. येऊरच्या झाडीत जुलैमध्ये सकाळी दहा वाजताही उजेड इतका कमी असतो, की आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) ८०० च्या पुढे न्यावाच लागतो आणि तिथे छोट्या सेन्सरवर बारीक तपशील लापशीसारखा लगदा होऊन जातो. मात्र माझ्या कामापुरता या आक्षेपात एक पेच आहे. मॅक्रो करताना प्रकाश निसर्गावर सोडायचा नसतो, आपला आपण न्यायचा असतो. टीजीच्या तोंडावर बसणारा, फ्लॅशचा प्रकाश पसरवणारा डिफ्यूझर मिळतो. तो लावला तर अंधाऱ्या झाडीतही आयएसओ १०० किंवा २०० वर राहता येते आणि मोठ्या सेन्सरचा सर्वांत मोठा फायदा बराचसा गळून पडतो. शिवाय लहान सेन्सरमुळे फोकसची खोली जास्त मिळते. टीजीवरचे एफ/२ (लेन्सचे सर्वांत मोठे छिद्र) हे फुल-फ्रेमच्या हिशेबात साधारण एफ/११ इतकी खोली देते, म्हणजे टाचणीचा डोळा आणि पोटाचे टोक एकाच फोटोत स्पष्ट येण्याची शक्यता वाढते. ओळख पटवण्याच्या कामात ही उणीव नसून सोय आहे, असे माझे आजवरचे मत झाले आहे. ते चुकत असेल तर कृपया सांगावे.

त्याची खरी उणीव मला वेगळीच वाटते. एका सेंटिमीटरवर कॅमेरा नेल्यावर बहुतेक कीटक तिथे थांबत नाहीत. कोळी थांबतो, सुरवंट थांबतो, पावसाने भिजून गारठलेला चतुर थांबतो; पण ऊन पडल्यावरचा चतुर हातभर अंतरावरूनच उडतो. ओएमच्या ६० मिलिमीटर मॅक्रो लेन्सचे किमान फोकस अंतर १९ सेंटिमीटर आहे. ते सेन्सरपासून मोजलेले असल्यामुळे लेन्सच्या टोकापुढे त्याच्या निम्म्याच्या आसपासच जागा उरते, तरीही एका सेंटिमीटरच्या तुलनेत ती पुष्कळ आहे. त्या लेन्सवर पूर्ण १:१ आकार (सेन्सरवर वस्तूच्या मूळ आकाराएवढी प्रतिमा) मिळतो आणि तिचे वजनही १८५ ग्रॅमच आहे.

मग मिररलेस का नाही? याचे उत्तर माझ्यापुरते छत्रीत आहे. येऊरच्या वाटेवर पाऊस लागला की डाव्या हातात छत्री असते आणि उजव्या हातात जे काही मावेल ते. टीजी एका हाताने पान उचलून त्याच्या खाली सरकवता येतो, बटण दाबता येते आणि तसाच भिजलेला खिशात टाकता येतो. मिररलेस, त्यावर मॅक्रो लेन्स, त्यावर फ्लॅश आणि फ्लॅशपुढे डिफ्यूझर असा सगळा संसार एका हाताने पेलत नाही. दुसरा हात रिकामा करायचा तर छत्री मिटावी लागते. ओएम-५ ला आयपी५३ हे मानांकन आहे, हे मला ठाऊक आहे. त्यातला ५ हा आकडा धुळीसाठी आणि ३ हा वरून व तिरप्या येणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यासाठी असतो. म्हणजे रिमझिम आणि शिंतोडे चालतील, पण कॅमेरा ओहोळात पडला तर ते मानांकन उपयोगी पडणार नाही. शिवाय लेन्सही त्या तोडीची असावी लागते आणि फ्लॅश तर बहुधा नसतोच.

फोन का वापरत नाही, हा प्रश्न कुणीतरी नक्की विचारणार, म्हणून लिहिते. सध्या फोनच वापरते आहे. ओल्या बोटांना त्याचा पडदा दाद देत नाही, आणि पावसाचे थेंब पडद्यावर पडले की तो स्वतःच्या मनाने भलतीकडे फोकस करतो.

इथपर्यंत वाचून कुणीही म्हणेल की निर्णय झालेलाच आहे, टीजी घ्या. अडचण खाडीने केली आहे. ओहोटीला ऐरोलीच्या काठावर चिखल उघडा पडतो आणि त्यावर निवट्या, म्हणजे चिखलावर सरकणारे मासे, येऊन बसतात. निवटी आपल्याकडे बघत असते. डोळे डोक्यावर उभे, एक आत ओढून पुन्हा बाहेर काढते, पुढच्या दोन परांवर रेलून जरा पुढे सरकते, आणि आपण एक पाऊल जास्त टाकले की बिळात. तिच्यापाशी एक सेंटिमीटरवर जाण्याचा प्रश्नच येत नाही, आणि काठावरून १०० मिलिमीटरचा झूम लावला तर फोटोत चिखल दिसतो, निवटी शोधावी लागते. भर उन्हात टीजीच्या मागच्या पडद्यावर काहीच नीट दिसत नाही, कारण त्याला डोळा लावायचा व्ह्यूफाइंडर नाही, हा आणखी एक भाग.

शिवाय हिवाळी पाहुणे आहेत. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, हे इथे बहुतेकांना माहीत असेल. रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या फोटोंची मला विशेष ओढ नाही. ते हजारो लोक काढतात आणि माझ्यापेक्षा चांगले काढतात. पण बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) काही पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी आणि अक्षरे असलेल्या पट्ट्या घातलेल्या असतात. होडीतून किंवा काठावरून ती अक्षरे वाचता येतील असा फोटो मिळाला, तर ती नोंद एखाद्या दुर्मीळ किड्याइतकीच मोलाची आहे. यासाठी फुल-फ्रेमच्या हिशेबात ४०० ते ६०० मिलिमीटर तरी हवेत आणि तिथे कॉम्पॅक्टचा काहीच उपयोग नाही.

या सगळ्याचा विचार करताना एक गोष्ट लक्षात आली, आणि माझा मुख्य प्रश्न तिच्यावरच आहे. या पक्ष्यांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे, म्हणजे कोरडा. त्या काळात कॅमेरा पावसात टिकण्याची गरजच नसते. मग पाण्याला दाद न देणारा मिररलेस, त्यावर तशीच महागडी लेन्स, अशा एकाच संचावर सारे पैसे घालण्याऐवजी पावसाळ्यासाठी टीजी आणि हिवाळ्यासाठी साधा, सेकंडहँड मिररलेस अशी वाटणी केली तर? ओएमची ७५-३०० मिलिमीटरची लेन्स फुल-फ्रेमच्या हिशेबात १५० ते ६०० इतकी होते, वजन अर्धा किलोसुद्धा नाही, आणि ती पाणीरोधक नसल्यामुळेच तुलनेने स्वस्त मिळते. सगळे मिळून माझी तयारी साधारण एक लाख रुपयांची आहे, थोडे पुढे-मागे चालेल. फुल-फ्रेमचा विचार वजनासाठीच सोडून दिला आहे. लोकलमधून आणि मग बसने जाणाऱ्या माणसाला ते ओझे परवडत नाही.

या वाटणीविरुद्ध मला दोन शंका आहेत. पहिली टीजीच्या आयुष्याची. त्याचे पाणी अडवणे दोन छोट्या झाकणांच्या आतल्या रबरी सीलवर अवलंबून असते. त्यात केस किंवा वाळूचा कण अडकला तरी पाणी आत शिरते, आणि सील वर्षातून एकदा बदलून घ्यावे असे कंपनीच सांगते. खाडीवरून आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून ठेवणे, झाकणे पूर्ण सुकल्याशिवाय न उघडणे, हे मी करीन; पण सील बदलण्याचे काम मुंबई परिसरात नीट कोण करून देते? माझ्या एका परिचितांचा अशाच प्रकारचा, दुसऱ्या एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या पावसाळ्यात आतून भिजला, तेव्हा दुरुस्त होणार नाही, बदलून घ्या, असे उत्तर मिळाले. फोर्टात बोरा बाजारात जुन्या कॅमेऱ्यांची दुरुस्ती करणारे पुष्कळ आहेत, परंतु पाणीबंद कॅमेरा उघडून पुन्हा तितकाच घट्ट बसवून देणे हे वेगळे काम आहे.

दुसरी शंका मिररलेसची, आणि ती उलट्या बाजूची आहे. जून ते सप्टेंबर तो कपाटात राहणार. आमच्याकडे त्या काळात हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते आणि लेन्समध्ये बुरशी धरायला तेवढे पुरते. बुरशीचे धागे काचेवरच्या लेपात एकदा रुतले की साफसफाई करूनही डाग राहतात. वापरात असलेली लेन्स त्या मानाने वाचते, पडून राहिलेली लेन्स आधी जाते, असे जुने लोक सांगतात. ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणारे विजेवरचे ड्राय कॅबिनेट घ्यावे, की हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवून दर काही दिवसांनी जेल गरम करून वापरले तरी चालते? कॅबिनेटचे पैसेही याच एक लाखात बसवायचे आहेत.

तेव्हा ज्यांनी टीजी-५, ६ किंवा ७ यांपैकी कोणताही इथल्या पावसात वापरला आहे, त्यांनी तो किती पावसाळे टिकला, सील बदलले का आणि कुठे बदलले, एवढे जरूर लिहावे. ज्यांनी ओएम-५ किंवा ई-एम१ मालिकेतला कॅमेरा मॅक्रो लेन्ससह भर पावसात वापरला आहे, त्यांनी फ्लॅश कसा सांभाळला ते सांगावे. एका हाताने जमते असे कुणी म्हणत असेल तर मी मत बदलायला तयार आहे. सेकंडहँड मिररलेस घेताना बुरशी तपासण्यासाठी लेन्समधून मागून टॉर्च मारून पाहतात, हे माहीत आहे; त्यापलीकडे बॉडीमध्ये काय पाहावे, हेही जाणकारांनी सांगितले तर बरे होईल. पाऊस सुरू झालेला आहे, त्यामुळे टीजीबद्दलचे उत्तर आधी मिळाले तर सोयीचे होईल. मिररलेसची घाई दिवाळीपर्यंत नाही.