मदत हवी आहे : कालवडीचा नायटा आणि गोठ्याची सफाई
आमच्या कालवडीच्या डोळ्यांभोवती राखाडी, खरबरीत चट्टे उठले आणि तिला रोज खरारा करणाऱ्या धाकट्या भावाच्या मनगटावर काही आठवड्यांतच लाल कडेचे खाजरे वर्तुळ उमटले. सुरुवातीला स्टिरॉइडमिश्रित मलम लावण्याची चूक आम्ही केली. खाज थांबली, चट्टा मात्र पसरला. आता दोघांवरही रीतसर उपचार चालू आहेत. तथापि हा नायटा ज्यामुळे होतो त्या ट्रायकोफायटन व्हेरुकोसम या बुरशीचे बीजाणू गव्हाणीच्या लाकडावर महिनोन्महिने तग धरतात, त्यामुळे खरा प्रश्न गोठ्याचा आहे. दावी जाळून टाकली. परंतु शेणामातीत सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचा जोर ओसरत असल्याने, सारवलेली जमीन आधी खरवडून काढावी लागते का, हे अनुभवी पशुपालकांनी किंवा पशुवैद्यकांनी कृपया सांगावे.