ऐन की अर्जुन? येऊरच्या वाटेवर पडलेला प्रश्न

प्रश्न:
गेल्या रविवारी ठाण्याजवळच्या येऊरला एका उंच झाडापाशी आम्ही थांबलो. त्याची साल काळपट, खोल भेगांची आणि चौकोनी खवल्यांत फुटलेली, थेट मगरीच्या पाठीसारखी होती. सोबतचे काका त्याला अर्जुन म्हणाले. पाड्यावरच्या आजींनी मात्र ‘हा ऐन’ असे ठामपणे सांगितले. बरोबर कोण, आणि या झाडांचा पूर्वी उपयोग काय होत असे?

उत्तर 1:
आजी बरोबर आहेत. अर्जुनाची साल गुळगुळीत व करडी-पांढरी असून तिचे मोठे पापुद्रे आपोआप सुटतात, आणि तो बहुधा ओढ्याच्या काठाने वाढतो. काकांचा गोंधळ समजण्यासारखा आहे, कारण दोन्ही झाडे टर्मिनालिया या एकाच प्रजातीतल्या दोन वेगळ्या जाती असून दोघांच्याही फळांना पाच पंख असतात. हिरडा, बेहडा आणि किंजळ हेही याच गोतावळ्यातले. त्रिफळातला आवळा मात्र वेगळ्या कुळातला. हिरड्याची फळे औषधाइतकीच कातडी कमावण्यासाठीही वापरली जात. ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर टसर रेशमाचे किडे पोसतात, आणि भंडारा-गडचिरोलीकडे तो व्यवसाय आजही चालतो.

उत्तर 2:
माझे आजोळ मुरबाडकडचे, त्यामुळे ऐन म्हटले की मला राब आठवतो. उन्हाळ्यापूर्वी ऐनाच्या फांद्या तोडून वाळवत, भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर त्या पालापाचोळा, शेण आणि वर मातीचा थर देऊन पसरत आणि पावसाच्या आधी पेटवत. त्यामुळे तणाचे बी जळे आणि राखेने रोपे जोमदार येत. म्हणून गावाकडचे ऐन पुष्कळदा खांबासारखे उभे दिसतात, नुसते खोड आणि त्यावर गाठी. घराच्या तुळयांनाही हेच लाकूड असे, आणि ते इतके जड की सुतार कुरकुरत.

उत्तर 3:
एक पुरवणी. नवी मुंबईच्या रस्त्यांकडेला लाल होऊन गळणाऱ्या मोठ्या पानांचा देशी बदामही टर्मिनालियाच आहे. आमच्या सोसायटीतली मुले त्याची फळे दगडाने फोडून आतली बारीक बी खातात. अर्जुनाच्या सालीचा काढा हृदयासाठी परंपरेने देतात, पण ज्यांची हृदयाची औषधे चालू आहेत त्यांनी तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि येऊरचे जंगल राष्ट्रीय उद्यानात येते, तेव्हा तिथली साल खरवडून घरी आणणे हा गुन्हा आहे. काकांनाही तेवढे सांगावे.