४एल६०ई (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) खोललाय, आत काय काय बदलू? (बजेट २,५०० डॉलर)

डॅलसकर_एसएस
नमस्कार मंडळी. गाडी २००२ ची कमारो एसएस, एलएस१ इंजिन, ऑटोमॅटिक. १,१८,००० मैल झालेत. हेडर्स, एग्झॉस्ट आणि ट्यून (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग) एवढंच केलंय, डायनोवर (ताकद मोजायच्या मशीनवर) चाकाला ३३२ हॉर्सपॉवर. रोज हीच गाडी घेऊन ऑफिसला जातो, महिन्यातून एकदा एनिसच्या मोटरप्लेक्सवर (ड्रॅग रेसचा ट्रॅक).

गेल्या खेपेला पूर्ण थ्रॉटलवर दुसऱ्यातून तिसरा पडायच्या वेळी इंजिन नुसतंच ओरडलं, गाडी पुढे सरकेना. आता पहिला, दुसरा, रिव्हर्स व्यवस्थित पडतात. तिसरा-चौथा नाही. पॅन काढला तर तेल चहाच्या चोथ्यासारखं काळपट, करपल्याचा वास, आणि मॅग्नेटवर राखाडी लगद्याचा जाड थर.

गिअरबॉक्स उतरवून टेबलावर घेतलाय. स्वतः बांधणार आहे. २,५०० डॉलरमध्ये टॉर्क कन्व्हर्टरही (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) बसवायचाय. कोणते अपग्रेड खरंच लागतात आणि कोणते सोडले तर चालेल?

पन्हाळा_टू_हूस्टन
भावा, पहिल्यांदा स्टॉल कन्व्हर्टर (इंजिनला जास्त आरपीएमवर चढू देऊन मग गाडी ओढणारा टॉर्क कन्व्हर्टर) टाक. ३,२०० आरपीएमचा. बाकी सगळं नंतर. माझ्या ट्रान्स ॲमला टाकला त्या दिवसापासून गाडी दुसरीच झाली. सिग्नलवरून जी सुटते, शेजारचा बघतच राहतो.

जर्सी_सिक्सस्पीड
ऑटोमॅटिकवर पैसे घालवूच नका. याच गाडीला टी-५६ सहा स्पीड मॅन्युअल कंपनीकडूनच यायचा. मी बदलून घेतला. पेडल, क्लच मास्टर, प्रॉपेलर शाफ्ट, सगळं जुन्या गाडीवरून काढलेलं. साडेचार हजार गेले, पण एक दिवसही पश्चात्ताप नाही.

डॅलसकर_एसएस
दादा, बजेट २,५०० आहे. आणि ही गाडी बायकोही चालवते, तिला मॅन्युअल नको आहे.

मिशिगनकर
ट्रान्समिशनच्या कामात पंधरा वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा रिव्हर्स आणि दुसरा शाबूत आहे, म्हणजे सन शेल (आतल्या सन गिअरला फिरवणारी पत्र्याची वाटी) अजून तुटलेला नाही. तो गेला की दुसरा, चौथा आणि रिव्हर्स तिन्ही एकदम जातात. तुमचा ३-४ क्लच पॅक (तिसरा-चौथा पकडणाऱ्या प्लेटांचा गठ्ठा) जळालाय. या बॉक्सला ताकद वाढवली की बहुतेक वेळा पहिला बळी तोच. पण क्लच जळाला हा परिणाम झाला. कारण सापडलं नाही तर नवा पॅकही सहा महिन्यांत त्याच वाटेने जाईल. इनपुट ड्रममध्ये (हा पॅक ज्यात बसतो तो डबा) ३-४ साठी चेकबॉलची (तेलाची वाट उघड-बंद करणारी गोळी) छोटी कॅप्सूल असते. ती गळत असेल तर पिस्टनवर पूर्ण दाब बसतच नाही आणि प्लेटा घासत राहतात. ड्रममध्ये सॉल्व्हंट ओतून ठेवा आणि खालून पाझरतंय का ते बघा. पिस्टनचे रबर सीलही बोटाने दाबून पाहा, कडक झाले असतील.

सन शेल शाबूत असला तरी बदलाच. मजबूत केलेला शेल शंभराच्या आत मिळतो, आणि तो नंतर बदलायचा तर सगळा बॉक्स पुन्हा खोलावा लागतो.

आबा_सॅन_अँटोनियो
सगळं खोलायच्या आधी टीव्ही केबल (थ्रॉटलपासून गिअरबॉक्सला येणारी, तेलाचा दाब ठरवणारी) तपासली होती का? माझ्या ८७ च्या कमारोचा क्लच असाच जळाला होता, केबल दोन दाते सैल निघाली. केबल सैल म्हणजे दाब कमी, दाब कमी म्हणजे क्लच गेला. केबल नीट लावा, पैसे वाचतील.

मिशिगनकर
आबा, तुमचा तो ७००आर४. १९९० मध्ये त्याचंच नाव ४एल६० झालं आणि १९९३ पासून ४एल६०ई आला, तो इलेक्ट्रॉनिक. त्याला टीव्ही केबल नाही. दाब सोलेनॉइडवरून कॉम्प्युटर ठरवतो. पण दाब कमी तर क्लच गेला हे तुमचं शंभर टक्के खरं.

आबा_सॅन_अँटोनियो
केबल काढून कॉम्प्युटर बसवला, आता दाब हाताने तपासायचा तरी कसा? आम्ही गेज लावून बघायचो.

मिशिगनकर
गेज आजही लागतं आबा. केसच्या बाजूला प्लग आहे.

पन्हाळा_टू_हूस्टन
गेज-बिज नंतर बघा. स्टॉलचं काय ठरलं?

एटी_ई_भाऊ
४एल८०ई बसवा, विषय संपला. मी बसवला, मागे ६०० हॉर्सपॉवर आहे आणि चार वर्षांत एक तक्रार नाही. पहिला गिअर ३.०६ च्या जागी २.४८ येतो, म्हणून सुरुवातीला जरा मंद वाटते. त्यावर स्टॉल कन्व्हर्टर हाच उपाय. बॉक्स जड आहे, क्रॉसमेंबर आणि योक बदलावं लागतं, वायरिंगही थोडं. माझा एकूण खर्च साडेपाच हजार.

शिवणेकर
मी पुण्यात २०१७ ची ऑक्टाव्हिया व्हीआरएस चालवतो. सहा स्पीडचा ओला ड्युअल क्लच आहे, तेल ६०,००० किमीला बदलायचं. मी ४०,००० लाच बदलतो, फिल्टरसकट. बॉक्स अजून लोण्यासारखा चालतो. तुम्ही तेल कधी बदललं होतं? मला तर सगळं दुखणं तेलातच दिसतंय.

डॅलसकर_एसएस
७०,००० मैलांना बदललं होतं. त्यानंतर नाही. ही चूक माझीच.

वाळूज_टर्नर
मी हा गिअरबॉक्स कधी पाहिलेला नाही, पण वीस वर्षं क्लच असेंब्लीची मापं घेतोय. प्लेटा नव्या टाकल्या आणि क्लिअरन्स (प्लेटांमधली मोकळी जागा) मोजला नाही, तर काम अर्धंच झालं. पॅक बसवून फीलर गेज सगळीकडून फिरवा, एकाच ठिकाणी मोजून थांबू नका. जास्त ठेवलात तर पिस्टन उशिरा पोचतो आणि प्लेट घासते. कमी ठेवलात तर सुटा असतानाही ओढत राहतो. दोन्हीकडे जळणारच. इनपुट शाफ्टचा एंड प्ले (पुढे-मागे सरकायची मोकळीक) डायल गेज लावून घ्या. आणि नव्या फ्रिक्शन प्लेटा तेलात अर्धा तास तरी भिजवा, कोरड्या बसवू नका.

मिशिगनकर
वाळूजकरांनी लाखातलं सांगितलं. ३-४ ला मी ३५ थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आसपास ठेवतो.

कॅल्गरी_व्हीआठ
३-४ ला झेड-पॅकच घ्या. एका बाजूला अस्तर असलेल्या प्लेटा, त्यामुळे त्याच जागेत जास्त लोखंड मावतं आणि उष्णता वाटली जाते. माझ्या सिल्व्हरॅडोत टाकलाय, ट्रेलर ओढतो.

मिशिगनकर
मला दोन्ही बाजूंना अस्तर असलेल्या प्लेटा आणि जाड स्टील जास्त पटतं. एकतर्फी प्लेट तापली की वाकते, हे टेबलावर बघितलंय.

कॅल्गरी_व्हीआठ
माझी वाकलेली नाही. ६०,००० मैल झाले.

नाशिक_डिझेल
एकाने म्हटलंच आहे, पण पुन्हा सांगतो: सन शेल बदला. आणि स्टॉल घ्या.

टँपा_तात्या
अनुभवातून सांगतो, कूलर आणि त्याच्या पाइपा. मी इथल्या एका दुकानाकडून बॉक्स बांधून घेतला, २,८०० दिले. त्यांनी जुना कूलर तसाच ठेवला. जळालेल्या क्लचचा सगळा चुरा रेडिएटरमधल्या कूलरमध्ये बसलेला, तो नव्या बॉक्समध्ये उतरला. ९०० मैलांत पुन्हा स्लिप. दुकानवाला म्हणाला गॅरंटीत बसत नाही. आजही आठवलं की पोटात खड्डा पडतो. जुना कन्व्हर्टरही परत बसवू नका, आत चुरा राहतो, कितीही धुतलात तरी निघत नाही.

पन्हाळा_टू_हूस्टन
बघ, तात्यापण म्हणतोय कन्व्हर्टर नवा घे. मग घ्यायचाच तर स्टॉलवाला घे! आणि ट्यूनमधून टॉर्क मॅनेजमेंट पूर्ण काढून टाक, शिफ्ट असा बसतो की मान मागे जाते.

मिशिगनकर
कृपया पूर्ण काढू नका. शिफ्टच्या क्षणी कॉम्प्युटर इंजिन जरा ढिलं सोडतो, तेवढा वेळ क्लचला पकडायला मिळतो. ३३२ हॉर्सपॉवरवर ते काढून सेकंदाचा दहावा भागही मिळणार नाही, आयुष्य मात्र घटेल. पैसे इकडे घाला: कॉर्व्हेट सर्व्हो (दुसऱ्या गिअरचा बँड घट्ट पकडतो, किंमत किरकोळ), पंपाच्या कडक केलेल्या रिंगा, मोठा बूस्ट व्हॉल्व्ह (तेलाचा दाब वाढवणारा), आणि व्हॉल्व्ह बॉडीत लॉकअपच्या (कन्व्हर्टर न घसरता थेट जोडणाऱ्या) व्हॉल्व्हचं भोक झिजलंय का ते बघणं. ते झिजलं की कॉम्प्युटरवर पी१८७० हा बिघाडाचा कोड येतो आणि लोक उगाच नवा कन्व्हर्टर बदलत बसतात. पाच पिनियनचे प्लॅनेटरी गिअर तुमच्या पॉवरला नकोत.

डॅलसकर_एसएस (९ दिवसांनी)
ड्रममध्ये रॉकेल ओतून ठेवलं. वीस मिनिटांत खाली ठेवलेल्या पेपरवर नाण्याएवढा डाग. कॅप्सूलच गळत होती. ३-४ च्या एका प्लेटला अस्तर शिल्लकच नव्हतं, नुसतं लोखंड, आणि शेजारची स्टील प्लेट मोरपिसासारखी निळी पडलेली. मिशिगनकर, तुमच्यामुळे कारण सापडलं.

ठरवलं ते असं. कॅप्सूल नवी, सील सगळे नवे, ३-४ ला दोन्ही बाजूंच्या अस्तराच्या प्लेटा, सन शेल, कॉर्व्हेट सर्व्हो, पंपाच्या रिंगा, बूस्ट व्हॉल्व्ह. लॉकअपचं भोक खरंच झिजलेलं निघालं, रीमर लावून मोठा व्हॉल्व्ह बसवला. रेडिएटरचा कूलर बायपास करून बाहेर मोठा नवा कूलर लावतोय.

कन्व्हर्टर नवा घेतला, पण कंपनीच्याच स्टॉलचा. तुमच्यापैकी काहींनी स्टॉल सुचवला, पटलंही. पण ऑगस्टमध्ये संध्याकाळी ७५ हायवेवर पाऊण तास चेंगरत जावं लागतं, आणि जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर अशा हळू ट्रॅफिकमध्ये तेल तापवतो. तेलाला मी एकदा जाळलंय.

एकूण १,९४० डॉलर झाले.

पन्हाळा_टू_हूस्टन
भावा, चूक करतोयस. वर्षभरात पुन्हा बॉक्स उतरवशील स्टॉलसाठी.

एटी_ई_भाऊ
उरलेले ५६० बाजूला ठेव, ४एल८०ई ची सुरुवात झाली.

वाळूज_टर्नर
क्लिअरन्स किती आला?

डॅलसकर_एसएस (आणखी १६ दिवसांनी)
वाळूजकर, चार ठिकाणी मोजला. तीन ठिकाणी ३४, एका ठिकाणी ३६ थाऊ. केसमध्ये बसवण्याआधी कंप्रेसरची हवा दिली तेव्हा ३-४ चा पिस्टन एकाच दणक्यात 'धप्प' बसला, सुस्कारा नाही. आबा, बाजूच्या प्लगला गेज लावून दाबही बघितला, स्थिर आहे.

काल गाडी उतरवली. बायकोने आधी कॉलनीत फिरवली, मग मी हायवेवर नेली. तिसरा पडला आणि धरून राहिला. बाहेर ३८ अंश सेल्सिअस, तेल १८५ फॅरनहाइटच्या वर गेलं नाही. ५०० मैल सावकाश चालवून तेल एकदा बदलणार, मग एनिस.

आबा_सॅन_अँटोनियो
मोटरप्लेक्सला कधी जाणार ते कळवा. गेज घेऊन येतो.