1937 पूर्वीच्या हेवीवेट विजेत्यांना ‘जगज्जेते’ म्हणायचं का?

आडगावकर

बॉक्सिंगमधल्या हेवीवेट, म्हणजे सगळ्यात जड गटाच्या विजेत्यांची यादी या आठवड्यात पुन्हा पहिल्यापासून वाचली. 1882 साली जॉन एल. सलिव्हननं पॅडी रायनला हरवलं, तिथपासून 1937 साली जो लुईनं जेम्स ब्रॅडॉकला आडवं केलं तिथपर्यंत. मधल्या 55 वर्षांत पंधरा विजेते झाले आणि त्यांत काळा माणूस एकच, जॅक जॉन्सन. त्याच्यानंतर लुईपर्यंत 22 वर्षं एकाही काळ्या बॉक्सरला या किताबासाठी रिंगमध्ये उतरू दिलं नाही. चांगले काळे हेवीवेट तेव्हा नव्हते असं नाही. त्यांना लढतच मिळत नव्हती.

पीटर जॅक्सनचंच बघा. वेस्ट इंडीजमध्ये जन्मलेला, ऑस्ट्रेलियाचा विजेता. 1891 च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोत तो जिम कॉर्बेटशी 61 फेऱ्या लढला. दोघांच्याही अंगात त्राण उरलं नाही तेव्हा लढत निकालाविना थांबवावी लागली. पुढच्याच वर्षी सलिव्हननं जाहीर आव्हान दिलं, पण त्यात काळ्यांशी लढणार नाही हेही लिहिलं. ते आव्हान कॉर्बेटनं घेतलं, सलिव्हनला 21 व्या फेरीत पाडलं आणि विजेता झाल्यावर जॅक्सनला पुन्हा कधीच लढत दिली नाही. 61 फेऱ्यांत ज्याला हरवता आलं नाही, त्याला बाजूला ठेवून हा जगाचा विजेता!

माझं म्हणणं सरळ आहे. सलिव्हन, कॉर्बेट, जेफ्रीज, डेम्पसी हे मोठे बॉक्सर होते. पण ज्यांनी अर्ध्या आव्हानवीरांना दारच बंद केलं, त्यांना जगज्जेते म्हणू नये. गोऱ्यांचे विजेते म्हणावं. काळ्यांसाठी त्या काळात वेगळा जागतिक किताब होताच, मग गोऱ्यांच्या किताबालाही त्याच्या खऱ्या नावानं ओळखू या.

ठोसेबाज

आडगावकर, तुमचा राग समजतो, पण हा हिशेब मला मान्य नाही. हेवीवेटचा किताब एका हातातून दुसऱ्या हातात जात आला आहे. लुईनं तो ब्रॅडॉककडून घेतला, ब्रॅडॉकनं मॅक्स बेअरकडून, बेअरनं कार्नेराकडून, कार्नेरानं शार्कीकडून, शार्कीनं श्मेलिंगकडून. श्मेलिंगच्या आधी टनी आणि टनीच्या आधी डेम्पसी. तुम्ही डेम्पसीचा किताब खोटा ठरवलात, तर लुईच्या हातात 1937 साली नेमकं काय आलं?

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. खुद्द जॅक जॉन्सननं काय केलं? सिडनीत 26 डिसेंबर 1908 ला टॉमी बर्न्सला हरवून तो विजेता झाला. चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली, इतका तो वरचढ होता. पण त्यानंतर सॅम लँगफर्ड, जो जनेट, सॅम मकव्हे या तिघा काळ्या बॉक्सरांपैकी एकालाही त्यानं किताबासाठी लढत दिली नाही. सहा वर्षांत एकाच काळ्या आव्हानवीराशी लढला, 1913 साली पॅरिसमध्ये बॅटलिंग जिम जॉन्सनशी, आणि तीही बरोबरीत सुटली. मग जॅक जॉन्सनही ‘गोऱ्यांचा विजेता’ का?

जाता जाता, टॉमी बर्न्सचं नाव तुम्ही घेतलंच नाही. त्या कॅनेडियन माणसानं तीस हजार डॉलर मागून घेतले हे खरं, जॉन्सनला पाच हजारच मिळाले हेही खरं. पण तो रिंगमध्ये उतरला. विजेता असताना जेफ्रीज उतरला नव्हता.

तांबडी माती

माझे आजोबा मातीतले पैलवान. ते म्हणायचे, जोडीचा पैलवान समोर उभा असताना जो हात मिळवत नाही, त्याच्या गदेला वजन नाही. म्हणून आडगावकरांच्या बाजूनं.

सॅम लँगफर्डबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण यादीत नाव नाही म्हणून लोक त्याला विसरलेच आहेत. जन्म नोव्हा स्कोशियातल्या एका खेड्यातला. उंची हेवीवेटच्या मानानं फारच कमी, साडेपाच फुटांच्या थोडी वर. पण खांदे रुंद, हात लांब आणि ठोसा असा की त्याच्यापेक्षा कितीतरी जड माणसं झोपायची. 1906 साली मॅसॅच्युसेट्समध्ये तो जॉन्सनशी पंधरा फेऱ्या लढला आणि गुणांवर हरला. जॉन्सन तेव्हा त्याच्यापेक्षा बराच जड होता. नंतर लँगफर्ड अंगानं भरला, त्याच्या ठोशात आणखी ताकद आली आणि जॉन्सननं त्याच्याशी पुन्हा लढायचं नावच काढलं नाही.

मग ही माणसं करणार काय? एकमेकांशीच लढत राहिली. लँगफर्ड आणि हॅरी विल्स पंधराहून जास्त वेळा एकमेकांसमोर उभे राहिले. तीच जोड, तेच दोघे, गाव तेवढं बदलायचं. जनेट आणि मकव्हे 1909 च्या एप्रिलमध्ये पॅरिसला 49 फेऱ्या लढले. जनेट सत्तावीस वेळा पडला, सत्तावीस वेळा उठला आणि शेवटी मकव्हेला स्टुलावरून उठता येईना म्हणून जिंकला. असली झुंज किताबासाठी झाली असती तर आज पोराटोरांना पाठ असती.

लँगफर्ड पुढं पुढं एका डोळ्यानं जवळजवळ आंधळा असतानाही लढत राहिला. 1944 साली एका पत्रकारानं त्याला हार्लेममध्ये शोधून काढलं तेव्हा तो दोन्ही डोळ्यांनी आंधळा होता आणि कफल्लक होता. बातमी वाचून लोकांनी वर्गणी काढली.

ठोसेबाज, जॉन्सनबद्दल तुमचं बरोबर आहे. मला तो आवडतो, पण लँगफर्डच्या बाबतीत त्यानं अन्याय केला.

मावळतीचा वारा

सगळे बॉक्सरांनाच धरून बसले आहेत, काळ कुणी बघत नाही. 4 जुलै 1910 ला रेनोमध्ये जॉन्सननं जेफ्रीजला पंधराव्या फेरीत हरवलं आणि त्याच रात्री अमेरिकेच्या शहराशहरांत दंगली पेटल्या. वीसच्या आसपास माणसं मेली, बहुतेक काळी. दोन वर्षांत लढतींच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला बंदी करणारा कायदा आला. जॉन्सनवर गोऱ्या बाईसोबत प्रवास केल्यावरून खटला भरला, शिक्षा झाली, तो देश सोडून गेला आणि 1915 साली हवानात विलर्डकडून हरला. ती शिक्षा माफ व्हायला 2018 साल उजाडलं.

रेनोच्या लढतीचा प्रमोटर टेक्स रिकर्ड होता आणि पंचही तोच. पुढं डेम्पसीच्या मोठ्या लढती यानंच भरवल्या. त्या रात्रीची आठवण असलेला माणूस काळा-गोरा सामना किताबासाठी लावायला कचरला, तर मला त्याचं नवल वाटत नाही. डेम्पसीनं विल्सशी लढण्याच्या करारावर सही केली होती, एकदा नाही, जास्त वेळा. लढत झाली नाही याचं खापर एकट्या त्याच्या डोक्यावर का?

आडगावकर

मावळतीचा वारा, दंगलीचं कारण मीही पूर्वी मानायचो. पण तारखा शेजारी ठेवल्या की ते टिकत नाही. 1924 च्या सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीत हॅरी विल्स आणि अर्जेंटिनाचा लुइस फिर्पो लढले. लढत याच रिकर्डनं भरवली, गर्दी प्रचंड होती आणि दंगल झाली नाही. 1926 च्या फेब्रुवारीत टायगर फ्लॉवर्स या काळ्या बॉक्सरनं हॅरी ग्रेबला हरवून मिडलवेटचा किताब जिंकला, तोही न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. लाइटवेटला तर जो गॅन्स 1902 सालीच विजेता झाला होता. म्हणजे इतर वजनांत काळा विजेता चालत होता, फक्त हेवीवेटला नाही. हेवीवेटचा विजेता म्हणजे जगातला सगळ्यात दणकट पुरुष, आणि तो काळा असणं यांना सहन होत नव्हतं.

आणि ही माणसं काळ्यांशी लढतच नसत असंही नाही. जेफ्रीज 1898 साली पीटर जॅक्सनशी लढला, जॅक्सन तेव्हा पार खचलेला होता. डेम्पसी 1916 साली जॉन लेस्टर जॉन्सनशी लढला आणि बरगड्या मोडून घेतल्या. 1919 साली विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडून किताब मिळवल्यावर मात्र काळ्या आव्हानवीरांशी लढणार नाही असं त्यानं जाहीर केलं. किताब नसताना लढायचं आणि मिळाल्यावर दार लावायचं, याला मी काळाचा दोष म्हणणार नाही.

वकिली पान

डेम्पसीच्या सह्यांचा विषय निघालाच आहे तर त्यातल्या एका कराराबद्दल सांगते. अमेरिकेत कायदा शिकणाऱ्यांना करारभंगाच्या प्रकरणात हा खटला अजून शिकवतात.

1926 च्या मार्चमध्ये शिकागो कोलिसियम क्लबनं डेम्पसी-विल्स लढतीचा करार केला. डेम्पसीला सही करताना दहा डॉलर रोख मिळाले. पुढं आठ लाख डॉलर ठरले होते आणि नफा वीस लाखांच्या वर गेला तर वरच्या रकमेतला अर्धा वाटा. विल्सशी वेगळा करार झाला होता. जुलैमध्ये क्लबनं विम्यासाठी डेम्पसीच्या तपासणीचं विचारलं, तर कोलोरॅडोहून त्याची तार आली: टनीबरोबरच्या लढतीच्या सरावात गुंतलोय, विमावाल्यांसाठी वेळ घालवू शकत नाही. विल्सचा विषय तिथंच संपला.

क्लब कोर्टात गेला. 1932 साली इलिनॉयच्या अपील कोर्टानं करारभंग मानला, पण बुडालेला नफा भरून द्यायला नकार दिला. कारण असं की अशा लढतीतून नफा किती झाला असता हे सांगणं कुणालाच शक्य नाही. सही झाल्यापासून करार मोडेपर्यंत क्लबचा जो प्रत्यक्ष खर्च झाला, तेवढाच मागता येईल.

तेव्हा मावळतीचा वारा, निदान या एका वेळी तरी पैसे, प्रमोटर, प्रतिस्पर्धी सगळे तयार होते. नाही म्हणाला तो डेम्पसी.

ठोसेबाज

हा खटला मला माहीत नव्हता, आभार. डेम्पसीनं विल्सला टाळलं हे मी आता मान्य करतो. न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग आयोगाचीही तीच मागणी होती, आधी विल्सशी लढ. म्हणून तर टनीची लढत फिलाडेल्फियाला न्यावी लागली.

पण टाळणं हीच कसोटी असेल तर ती सगळ्यांना लावा. 1936 च्या जूनमध्ये श्मेलिंगनं लुईला बाराव्या फेरीत नॉकआउट केलं. ब्रॅडॉकसमोर उभं राहण्याचा पहिला हक्क श्मेलिंगचा होता आणि तसा करारही झाला होता. तरी ब्रॅडॉक लुईशी लढला, कारण लुईच्या लढतीत पैसा जास्त होता आणि लुईच्या प्रमोटरच्या पुढच्या दहा वर्षांच्या नफ्यात ब्रॅडॉकला दहा टक्के मिळणार होते. म्हणजे 22 वर्षांनी काळ्या बॉक्सरला दार उघडलं तेही हक्काच्या आव्हानवीराला बाजूला सारून. तुमच्या कसोटीनं लुईचा 1937 चा किताबही अर्धवट ठरतो.

रेवती म.

ठोसेबाज, तुमच्या प्रश्नाचं उत्तर लुईनंच देऊन ठेवलं आहे. श्मेलिंगला हरवेपर्यंत मला कुणी विजेता म्हणू नका, असं तो किताब जिंकल्यावर सांगत होता. आणि एका वर्षात त्यानं ती लढत घेतली. 22 जून 1938, यँकी स्टेडियम, सत्तर हजार माणसं, 124 सेकंद. मला तरी विजेता कसा असावा हे त्या 124 सेकंदांपेक्षा त्याच्या आधीच्या वाक्यावरून जास्त कळतं. ज्यानं आपल्याला पाडलं होतं त्याला शोधून बोलावणं, हे डेम्पसीला सात वर्षांत जमलं नाही.

लुईला ही संधी किती जपून वागल्यावर मिळाली तेही लक्षात असू द्या. त्याच्या व्यवस्थापकांनी नियम घालून दिले होते: गोऱ्या बाईबरोबर फोटो काढायचा नाही, पडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे बघून आनंद दाखवायचा नाही. जॉन्सन ज्या गोष्टी उघडपणे करायचा त्या सगळ्या लुईला बंद. पंचवीस वेळा किताब राखणारा माणूस जिंकल्यावर नीट हसूही शकत नव्हता, हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं.

मावळतीचा वारा

एक राहिलंच. विल्स जिंकला असता असं सगळे गृहीत धरताहेत. 1926 च्या ऑक्टोबरमध्ये शार्कीनं त्याला इतकं झोडपलं की तेराव्या फेरीत नियमबाह्य मारामुळे विल्सच बाद झाला. पुढच्या वर्षी उझकुदूननं नॉकआउट केलं. 1926 साली डेम्पसी-विल्स झाली असती तर माझ्या मते डेम्पसीच जिंकला असता.

तांबडी माती

1926 ला जिंकलाही असता. पण विल्स 1926 ला पस्तिशी ओलांडलेला होता. दोघांचा पहिला करार 1922 चा. चार वर्षं पैलवानाला फडाबाहेर बसवून ठेवायचं आणि मग त्याचा दम संपला म्हणायचं, हे काही बरोबर नाही.

आडगावकर

ठोसेबाज आणि रेवती, तुमचं वाचून मी माझं म्हणणं थोडं बदलतो. नावं खोडायची नाहीत. यादी आहे तशी राहू दे, पण विजेत्याच्या नावासमोर त्यानं नाकारलेल्याचं नाव लिहायचं. कॉर्बेटसमोर जॅक्सन. डेम्पसीसमोर विल्स. आणि हो, जॅक जॉन्सनसमोर लँगफर्ड, हे लिहिताना मला त्रास होतो तरी.

ठोसेबाज

जॉन्सनसमोर लँगफर्ड लिहिणार असाल तर डेम्पसीसमोर विल्स लिहायला माझी हरकत नाही. पण जेफ्रीजसमोर जॉन्सनचं नाव नको. उशिरा का होईना, 1910 ला तो रिंगमध्ये आला आणि हरला.

आडगावकर

1910 ला जेफ्रीज आव्हानवीर म्हणून आला होता. विजेता होता तो 1899 ते 1905, आणि जॉन्सन लढत मागत होता तेव्हा तो अपराजित निवृत्त झाला. जेफ्रीजसमोर जॉन्सनचं नाव राहणार.